गिअरबॉक्सचं माउंटिंग तुटलंय? आधी माणसं उतरवा
मंडळी, साइटवर माणसं नेणाऱ्या ड्रायव्हर भावांसाठी बोलतोय. गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर बसतो, ते इथं यूएईच्या उन्हात चिरतं. गिअर टाकताना खालून ‘धाड’ आवाज, उभ्या गाडीत थरथर, या त्याच्या खुणा. ते तुटलं की गिअरबॉक्स हलतो, ताण बाकीच्या माउंटिंगवर, शाफ्टवर येतो.

अशा गाडीत माणसं भरू नका. जवळच्या गॅरेजपर्यंत रिकामी, हळू, झटके न देता न्या. गिअर नीट पडत नसेल तर टोइंगच.

फोरमन म्हणाला, “चालव रे”, तर फोटो काढून व्हॉट्सअॅपवर लेखी कळवा. २०२१ च्या कामगार कायद्यानुसार कामाची जागा सुरक्षित ठेवणं मालकाची जबाबदारी आहे. उद्या दुरुस्तीचा खर्च तुमच्या पगारातून कापायला निघाले, तर तोच मेसेज तुमचा साक्षीदार.