धीर देणारे हसू

रोजच्या संसारात माणसाला लागणारा धीर मोठमोठ्या शब्दांतून फारसा मिळत नाही. वेळेवर आलेल्या माणसाच्या चार साध्या वाक्यांतून तो मिळतो, आणि पुष्कळदा घरातल्याच एखाद्या फजितीवर सगळ्यांनी मिळून हसण्यातूनही मिळतो. देवाचे नाव घेताना चेहरा गंभीरच हवा, असा समज सर्वत्र आढळतो. मराठी ख्रिस्ती साहित्याने मात्र हसू आणि श्रद्धा एकाच घरात नांदवली आहेत, आणि त्यातून मराठीला तिच्या उत्तम पुस्तकांपैकी एक मिळाले आहे.

या हसण्याचे मूळ शुभवर्तमानातच आहे. मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानात डोंगरावरील प्रवचन येते. त्यात येशू एका माणसाचे चित्र उभे करतो. हा गृहस्थ भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघाला आहे आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यात मुसळ आहे. ज्यांनी उखळ-मुसळ पाहिले आहे त्यांना ही गंमत समजावून सांगावी लागत नाही. ऐकणारा आधी हसतो आणि मग त्याचा हात आपसूक स्वतःच्या डोळ्याकडे जातो. त्याच शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायात चिलट गाळून काढणारे आणि उंट गिळून टाकणारे लोक भेटतात. या विनोदाचा रोख ढोंगावर आहे, त्यातही धर्माच्या नावाने चालणाऱ्या ढोंगावर. थकलेला, आजारी किंवा गावाने बाजूला टाकलेला माणूस येशूच्या थट्टेचा विषय झाल्याचे शुभवर्तमानांत दिसत नाही. त्याच्या वाट्याला धीर येतो.

हा धीर सुखवस्तू माणसाने दुरून दिलेला नाही. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेले पत्र आनंदाच्या आग्रहाने भरलेले आहे, आणि ते त्याने कैदेत असताना लिहिले आहे. ख्रिस्ती धीराची ओळख इथे पटते. अडचण नाहीच, असे तो म्हणत नाही. अडचणीत देव सोबत आहे आणि म्हणून आजचे काम आज करता येईल, एवढे तो सांगतो.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या पट्ट्यात या परंपरेच्या खुणा हाकेच्या अंतरावर आहेत. घोडगंगा साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे न्हावरे गाव घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात वसले आहे. न्हावऱ्याहून एक रस्ता उत्तरेला शिरूरकडे, म्हणजे जुन्या घोडनदीकडे जातो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे एक ठाणे तिथे होते आणि पुढे त्याच रस्त्याने अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर येते. या मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 साली अहमदनगरलाच सुरू झाले. दुसरा रस्ता दक्षिणेला भीमा ओलांडून केडगाव-चौफुल्याकडे जातो. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. एका टोकाला हसत हसत लिहिलेले एक आत्मचरित्र आणि दुसऱ्या टोकाला हातांनी उभा केलेला आधार, अशी ही दोन टोके आहेत.

नगरच्या टोकाची गोष्ट टिळक दांपत्याची. कवी नारायण वामन टिळक 1893 साली नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थांबले आणि तिथून मागे फिरले नाहीत. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत असून संसार तुटला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, त्यांनी स्वतःच्या मनाने विचार केला आणि 1900 साली राहुरी येथे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक 1912 पासून 1919 मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. लक्ष्मीबाईंनी आपली हकीकत उतारवयात सांगितली. ती ‘स्मृतिचित्रे’ या नावाने 1934 पासून भागाभागाने पुस्तकरूपात आली.

‘स्मृतिचित्रे’मधला एक प्रसंग मराठी वाचकांच्या चांगला ओळखीचा आहे. घरात पैशांची चणचण असते. आहेत तेवढे पैसे देऊन लक्ष्मीबाई टिळकांना सामान आणायला धाडतात, आणि कविराज घरी येतात ते एक सुंदर दौत घेऊन. स्वयंपाकघरात पातेले रिकामे, आणि हा गृहस्थ दौतीच्या देखणेपणात रंगलेला! त्या घटकेला ही गोष्ट हसण्याची नव्हतीच. सांगताना लक्ष्मीबाई नवऱ्याचा वेंधळेपणा झाकत नाहीत आणि आपला संतापही झाकत नाहीत. तरीही वाचणाऱ्याच्या मनात दोघांविषयी माया राहते. पैसे कुठे जातात हे ज्याला कळत नाही, त्याच्याच हातून पैसे गरजूकडेही जातात, हे त्या बाईने ओळखले होते.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचेही तसेच. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, या दंडकाने घरच्या बायकांचे फार हाल होत. लक्ष्मीबाई ते हाल सांगताना वाचकाला हसवतात, पण त्या वेडामागची जखमही दाखवतात. 1857च्या धामधुमीत जवळच्या नातलगाला फाशी झाली आणि तेव्हापासून वडिलांच्या मनाने सोवळ्याचा आधार घेतला, हे त्या आधीच सांगून ठेवतात. त्यामुळे हसणारा वाचक त्या माणसाला तुच्छ मानू शकत नाही.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाची शिस्त यातून कळते. तो खऱ्या घटनेला धरून असतो. स्वतःच्या फजितीला तो सवलत देत नाही. दुबळ्याला तो ओरबाडत नाही. शिवाय हसून झाल्यावर काम थांबत नाही. पातेले रिकामे असले तरी त्या घराचे दार आल्यागेल्याला उघडे राहिले. तरुण वयातले बालकवी ठोंबरे याच कुटुंबाच्या मायेत काही काळ राहिले.

केडगावच्या टोकाला धीराचे दुसरे रूप दिसते. पंडिता रमाबाईंनी 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, त्यानंतर भाऊ आणि 1882 साली पतीही. असे दुःख सोसलेल्या बाईने दुःखितांना नुसता उपदेश केला नाही. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्याला नेले. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली-बायका आणल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. तिथे मुलींना अक्षरओळख झाली. शेती, विणकाम आणि छापखान्याचे काम त्यांच्या हाती आले. अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणारे हात याच मुली-बायकांचे होते. कन्या मनोरमा 1921 साली गेली, तरी हे काम रमाबाईंनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. दुष्काळातून उपाशी आलेल्या मुलीला आपल्याही हातांना काही येते हे कळणे, हा तिथला धीर होता.

रोजच्या जगण्यात हे दोन्ही धडे उपयोगी पडतात. पाऊस ओढ देतो, उसाची तोड लांबते, मुलाचा निकाल मनासारखा लागत नाही, म्हाताऱ्या आईला एकच गोष्ट दिवसातून अनेकदा सांगावी लागते. अशा वेळी घरातले पहिले हसू मोठ्या माणसाने स्वतःच्या चुकीवर हसावे. बाप आपल्या विसराळूपणावर मोकळेपणाने हसला की लेकराला आपली चूक सांगण्याची भीती उरत नाही. रविवारच्या उपासनेनंतर मंडळीतल्या आजारी माणसाकडे जाताना उपदेशाआधी त्याच्या आवडीची एखादी जुनी गंमत काढावी, आणि निघण्यापूर्वी औषध कोण आणणार, जनावरांना वैरण कोण घालणार, हे विचारून ते काम अंगावर घ्यावे. प्रार्थना करावीच, तिच्यामागे असा हातभार असला की ती ऐकणाऱ्याच्या मनाला अधिक भिडते.

हसण्याची वेळ ओळखणे हाही श्रद्धेचाच भाग आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात आनंदी मनाला औषधाचे मोल दिले आहे, आणि त्याच पुस्तकात खिन्न माणसापुढे गाणी गाण्याचा अविचारही दाखवला आहे. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तोवर खरे मित्र होते. ते बोलू लागले आणि त्याचे दुःख वाढले. रोमकरांस पत्रात पौल रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगतो. मयताच्या घरी, कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यापुढे किंवा मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीपुढे विनोद करू नये, आणि देव सगळे ठीक करील असे म्हणून चटकन मोकळेही होऊ नये. तिथे बसावे, ऐकावे, लागेल ती मदत उभी करावी. कुणाची जात, गरिबी, रंग किंवा व्यंग यांवरचे हसू तर ख्रिस्ती घरात कोणत्याच वेळी बसत नाही, कारण ते ऐकणाऱ्याचा धीर हिरावून घेते.

जे हसू माणसाला उठून कामाला लागण्याचे बळ देते, ते सुवार्तेच्या जवळचे आहे. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही, पैसाही लागत नाही. स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहण्याची तयारी, शेजाऱ्याविषयी माया आणि देवावर भरवसा असला की ते कोणत्याही घरात येते.