वादळाच्या दिवशी घोडी कुठे बांधायची?

मे महिना संपत आला की आमच्या मुरूड तालुक्यात घरोघरी शाकारणी चालते. 2020 साली ती अर्ध्यावरच राहिली. टाळेबंदीत ना माणूस मिळे, ना कौलं. आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते नेमकं आमच्याच भागात जमिनीवर चढलं. त्या दिवशी आम्ही घरातच होतो. माणसं सात, एक घोडा आणि एक घोडी. ते कसं निभावलं आणि कुठे चुकलो, ते आज सांगतो.

आमचे धाकटे दीर किनाऱ्यावर घोडागाडी चालवतात. घोडा जुना. घोडी मात्र जाऊबाईंनी बचत गटाचं कर्ज काढून त्याच जानेवारीत घेतली होती. मार्चमध्ये सगळं बंद झालं. किनाऱ्यावर पर्यटक नाही, गाडी दारात उभी. गटाने हप्ते थांबवले, पण घोडीचा खुराक कोण थांबवणार? त्यात ती गाभण.

2 जूनला पंचायतीचा भोंगा फिरला. कच्च्या घरांतल्यांनी शाळेत जावं. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, किनाऱ्यापासून आत, थोडं उंचावर. म्हणून आम्ही राहिलो. घर पाण्याला लागून असतं किंवा कुडाचं असतं, तर जनावरं सोडून शाळेत जायला हवं होतं, यात आम्हाला शंका नाही. तसं करताना दावं मात्र सोडायचं. बांधलेल्या जनावराला पळताही येत नाही.

खरा वाद घोड्यांवरून झाला. दीर म्हणाले, तबेल्यातच घट्ट बांधू, म्हणजे बिथरून पळायची नाहीत. पण तबेला म्हणजे चार वासे आणि वर पत्रे, शेजारी चार माड. पशुवैद्यकांना फोन लावला. ते म्हणाले, छप्पर भक्कम नसेल तर उघड्यावर सोडलेलं बरं. झाडं, विजेच्या तारा आणि पत्रे लांब असले पाहिजेत. घोडा वाऱ्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभा राहतो, त्याला ते कळतं. नायलॉनची म्होरकी काढा, कुठे अडकली तर तुटत नाही.

मग मागच्या मोकळ्या भातशेतात घोडा सोडायचं ठरलं. हरवला तर ओळख पटावी म्हणून जाऊबाईंनी नेलपॉलिशने त्याच्या पुढच्या दोन खुरांवर मोबाईल नंबर लिहिला, पाच आकडे एका खुरावर, पाच दुसऱ्यावर. आम्हाला हसू आलं होतं. पण पाण्याने तो रंग गेला नाही.

गाभण घोडीला बाहेर ठेवायला दीर तयार होईनात. तीन बाजूंनी चिऱ्याची भिंत असलेली जागा एकच, आमची ओटी. सासूबाई म्हणाल्या, "गौरी बसतात तिथे घोडी?" आणि दोन मिनिटांनी त्यांनीच झोपाळा काढायला लावून खाली पेंढा पसरला. मधल्या दाराला आडसर घातला. घाबरलेलं जनावर लाथ मारतं, मुलांनी ओटीवर पाय ठेवायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली. घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं. वीज गेली की पंप बंद, म्हणून टाकी, पिंपं, हंडे, सगळं भरलं. खुराक आणि पासबुकं प्लॅस्टिकमध्ये बांधून माजघरात ठेवली. तबेल्याचे पत्रे काढायचं तेवढं राहून गेलं. उद्या सकाळी बघू म्हटलं, आणि सकाळी शिडी लावण्याजोगा वारा राहिलाच नव्हता.

दुपारी बारानंतरचं काय सांगावं. वारा आधी डोंगराकडून आला. कौलं पत्त्यांसारखी उडत होती. वाडीतल्या पोफळी काडकाड मोडत होत्या, तो आवाज मोजता मोजता आम्ही सोडून दिला. माजघरात सगळे एका खाटेखाली आणि आसपास. ओटीवर घोडी फुरफुरत होती आणि जाऊबाई आडसराच्या अलीकडून तिच्याशी बोलत होत्या, सारखं, काहीबाही.

आणि मग सगळं थांबलं. पाऊस कमी, वारा जवळजवळ नाही. दीर म्हणाले, गेलं वादळ, मी घोडा बघून येतो. आणि गेले.

मैत्रिणींनो, हीच आमची मोठी चूक. चक्रीवादळ गोल फिरतं, मध्ये त्याचा डोळा असतो आणि डोळ्यात शांत असतं. डोळा गावावरून सरकला की वारा उलट्या दिशेने पुन्हा सुरू होतो. आदल्या दिवशी रेडिओवर हे सांगितलं होतं, आम्ही ऐकलंही होतं. पण त्या शांततेत कुणाला आठवलं नाही. अर्ध्या तासाच्या आत वारा समुद्राकडून आला, आणि तबेल्याचे अर्धे सुटलेले पत्रे शेतावर गेले.

जाऊबाई दाराकडे धावल्या, सासूबाईंनी त्यांना कमरेला धरून खाली बसवलं. दीर परत आले ते चार वाजता, चिखलाने माखलेले. बांधाआड पालथे पडून राहिले होते. घोडा दोन शेतं पलीकडे, तसाच पाठ करून उभा. मागच्या पायाला पत्र्याने हातभर चीर.

घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. रस्त्यावर झाडंच झाडं. जखम उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने धुतली, स्वच्छ फडकं बांधलं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी गाडी लांब लावून चालत आले, इंजेक्शन दिलं, टाके घातले. गटातल्या सातजणी कोयते घेऊन आल्या आणि वाट मोकळी केली. आधी शेतातले खिळे आणि पत्र्याचे तुकडे वेचले, मगच जनावर चरायला सोडलं. पेंढा भिजला होता. बुरशी आलेला पेंढा घोड्याला घालायचा नाही. घोड्याला उलटी होत नाही, पोट धरलं की जीवावर बेततं. ज्यांचा माळा कोरडा राहिला, त्यांनी भारे दिले.

दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. गावचा वड आडवा झाला होता. त्यालाच सूत गुंडाळलं.

पंचनाम्यात आमचा तबेला लागला नाही. माणसं यायच्या आधीच आम्ही पत्रे गोळा करून रचून ठेवले होते आणि मोबाईल बंद असल्याने फोटो नव्हते. वीज यायला महिना लागला. म्हणून आता गटात आम्ही सांगतो, मे महिन्यातच घर, गोठा आणि जनावरांचे फोटो काढून ठेवा, जनावर समोरून आणि दोन्ही बाजूंनी, आणि ते दुसऱ्या गावातल्या नातेवाइकालाही पाठवा.

जानेवारीत घोडीला शिंगरू झालं. मे 2021 मध्ये तौक्ते आलं, तेव्हा ते चार महिन्यांचं. ते वादळ आमच्या बाजूने समुद्रातूनच पुढे गेलं, तरी दोन दिवस आधीच दिरांनी स्वतः तबेल्याचे पत्रे उतरवले होते. मध्येच वारा जरा पडला, तर सासूबाई दारात काठी घेऊन बसल्या, कुणी बाहेर जाऊ नये म्हणून. कर्जाचा शेवटचा हप्ता 2022 च्या दिवाळीआधी फिटला.

पुढच्या मंगळवारी गटाच्या बैठकीत गोठ्याचे पत्रे तारेने कसे आवळायचे ते दाखवणार आहोत. येताना पक्कड आणा.