पुरात बुडालेली गाडी



आपल्या वणीजवळून निर्गुडा वाहते. वर्धा आणि पैनगंगा तालुक्याच्या शिवेवरून जातात. पावसाळ्यात या नद्या फुगतात, हे आपल्याला नवे नाही. जुलै २०२२ मध्ये वर्धेला मोठा पूर आला. काठच्या गावांना पाण्याने वेढले.

पूर्वी पुरात गुरे आणि धान्य सांभाळावे लागे. आता दारात गाडीही असते. कोणाची काळीपिवळी, कोणाची मालाची गाडी. पुष्कळदा ती कर्ज काढून घेतलेली असते. तिच्यावर घर चालते. म्हणून आज आपण पुरात बुडालेल्या गाडीचा विचार करू.

पूर ओसरतो. दोन दिवस ऊन पडते. गाडी वरून कोरडी दिसते. मालक म्हणतो, "पाहू बरं, चालू होते का!" आणि किल्ली फिरवतो. इथेच घात होतो.

असे का होते? गाडीत तारांचे जाळे असते. आपल्या अंगात शिरा असतात ना, तसे. काही तारा पायाखालून, सीटखालून जातात. जागोजागी त्यांचे सांधे असतात. पुराचे गढूळ पाणी त्या सांध्यांत बसून राहते. किल्ली फिरवली की वीज आपली वाट सोडून ओल्या वाटेने धावते. फ्यूज उडतो. इंजिनाला हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर जळू शकतो. इंजिनातच पाणी असेल तर आतला दांडा वाकतो. मग खर्च फार मोठा येतो.

बरे, गाडी चालू झाली, तरी निर्धास्त राहू नये. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते. भांड्याला हिरवे चढते. तारेच्या तांब्याचेही तसेच होते. आज गाडी चालते. दोन महिन्यांनी रात्री वाटेतच दिवे जातात. कधी सांधा तापून आगही लागते.

मग काय करावे?

किल्ली फिरवू नये. ढकलूनही गाडी चालू करू नये. बॅटरीच्या तारा सोडवाव्या. आधी वजा खुणेची, मग अधिक खुणेची. पाणी कुठवर चढले होते, ते दिसेल असे फोटो काढावे. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवावे. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून गॅरेजात न्यावी. मिस्त्रीला सांगावे, "भाऊ, एकेक सांधा उघडून पहा. तेलही बदला." फ्यूजच्या जागी साधी तार बांधू देऊ नये. बॅटरीवर चालणारी गाडी असेल, तर तिला हातच लावू नये. कंपनीच्या माणसाला बोलवावे.

आणखी एक गोष्ट, सगळ्यांत मोठी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यांवर गाड्या बुडाल्या. बंद गाडीत अडकून काही माणसे दगावली. आज पुष्कळ गाड्यांच्या काचा विजेवर उतरतात. पाणी शिरले की त्या उतरतील, असा भरवसा नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. गाडीभोवती पाणी चढू लागले तर आधी काच उतरवा आणि बाहेर पडा. गाडीचे मागून पाहता येते.