मास्तर उन्हाळ्यांत काय शिकून येतात?

(गांवच्या पालकसभेंत केलेलें भाषण)



रोहिणी नक्षत्र तोंडावर आलें आहे. कोणाची पाळी घालावयाची राहिली आहे, कोणाच्या घरावरचे पत्रे ठोकावयाचे आहेत, कोणाकडे बियाण्याच्या पैशाची तजवीज अद्याप झालेली नाहीं. अशा दिवसांत तुम्हीं हातचीं कामें टाकून, मायबहिणींनीं चुली लवकर आटोपून, या सभेस येण्याची तसदी घेतली, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोंत. म्हणून पाल्हाळ न लावतां मुद्याचें बोलूं.

येत्या सोमवारपासून आम्ही तालुक्याच्या गांवीं प्रशिक्षणास जाणार आहोंत. पारावर बसलें म्हणजे याविषयीं आमच्या कानांवर एक बोलणें येतें. "मास्तरांना महिना-दीड महिना सुटी, त्यांत म्हणे ट्रेनिंगला जातात. तेथें करतात तरी काय? आणि तेथून आल्यावर आमच्या पोराला निराळें काय मिळतें?" हा प्रश्न कोणी टवाळीनें विचारतो, कोणी रागानें विचारतो, परंतु प्रश्न रास्त आहे. आमचा पगार, प्रशिक्षणाचा खर्च, तेथला चहा आणि छापलेलीं पुस्तकें हें सगळें ज्या तिजोरींतून येतें, तींत तुमचाही पैसा आहे. काडेपेटीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत किती जिन्नसांवर तुम्ही कर भरतां! ज्याचा पैसा त्यानें हिशेब मागावा. तो हिशेब देण्यासाठींच आज आम्ही उभे आहोंत.

प्रथम वाईट बाजू सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं ऐन मे महिन्यांत आम्हांस असेंच प्रशिक्षणास बोलाविलें. वर पत्रा, आंत साठ-सत्तर शिक्षक, दोन पंखे, त्यांतला एक बंद. सकाळीं सही, संध्याकाळीं सही. मध्यंतरीं शिकवावयास आलेले गृहस्थ पडद्यावर अक्षरें पाडीत आणि तींच मोठ्यानें वाचून दाखवीत. वाचावयास तर आम्हांसही येत होतें! एका मास्तरानें उठून विचारलें, "आमच्या शाळेंत दोन शिक्षक आणि पांच वर्ग आहेत. एका वर्गाला हा खेळ शिकविला, तर त्या वेळीं उरलेल्या पोरांनीं काय करावें?" उत्तर मिळालें, "वरून जें आलें आहे, तें आम्ही खालीं देतों."

कालव्याच्या पाण्याचें तुम्हांस ठाऊक आहे. धरणापासून शेवटच्या शेतापर्यंत येतां येतां वाटेंत किती मुरतें! राज्याच्या ठिकाणीं थोड्यांना शिकवावयाचें, त्यांनीं जिल्ह्याला, जिल्ह्यानें तालुक्याला, ही रीत तशीच आहे. टेलच्या शेतकऱ्याच्या वांट्यास नुसती ओल येते. शेवटल्या दिवशीं आमचा फोटो निघाला, प्रमाणपत्र मिळालें, आणि जूनमध्यें आम्हीं पूर्वींप्रमाणेंच शिकविलें. यांत चूक शिकविणाऱ्यांची जेवढी, तेवढीच आमचीही. त्या मास्तराच्या पाठीमागें आम्हीं कोणीं दुसरा हात वर केला नाहीं.

आतां दुसरी बाजू ऐका. पुढें एका उन्हाळ्यांत शिकवावयास आलेल्या बाई स्वतः खेड्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिकवीत होत्या. त्यांनीं पडदा लावला नाहीं. आम्हां प्रत्येकापुढें खराट्याच्या काड्या ठेवल्या, दहादहांच्या जुड्या बांधावयास सांगितल्या आणि विचारलें, "५२ मधून २७ वजा करतांना तुम्ही 'हातचा घ्या' म्हणतां. हा हातचा कोठून येतो, तें या काड्यांनीं दाखवा." वर्षानुवर्षें गणित शिकविलेले आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. हातचा घ्यावयाचा, एवढें आम्हांस ठाऊक होतें. तो कोठून येतो, हें कोणास सांगतां येईना. मग बाईंनीं एक जुडी सोडली. पांच जुड्यांच्या चार राहिल्या आणि सुट्या दोन काड्यांच्या बारा झाल्या. बारांतून सात गेल्या, पांच उरल्या. चार जुड्यांतून दोन गेल्या, दोन उरल्या. झाले २५.

आमच्या तिसरीच्या वर्गांत एका शेतमजुराचा मुलगा होता. ५२ मधून २७ गेले, कीं तो ३५ लिही. दोनांतून सात जात नाहींत, म्हणून तो सातांतून दोन वजा करी. आम्हीं त्यास वीस वीस उदाहरणें घातलीं, त्याच्यावर रागावलों, आणि बापास शाळेंत बोलावून सांगितलें कीं, याच्या डोक्यांत गणित शिरत नाहीं. बापानें मान खालीं घातली. जूनमध्यें मुलगा चौथींत आला. आम्हीं त्याच्यापुढें पांच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि कांहीं न शिकवितां म्हटलें, "यांतल्या सत्तावीस काड्या काढून दे." त्यानें दोन जुड्या दिल्या, दोन सुट्या दिल्या, थांबला आणि म्हणाला, "गुर्जी, आता पेंढी सोडाया लागंल."

कडब्याच्या पेंढ्या मोजणाऱ्या घरचें पोर तें! जें आम्हांस इतक्या वर्षांत सुचलें नाहीं, तें त्याला हातांत काडी येतांच उमगलें. दोष त्याच्या डोक्याचा नव्हता, आमच्या शिकविण्याचा होता. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या बापाच्या दारीं जाऊन, मागें बोललों तें चुकलें, असें सांगून आलों. परंतु मनाची टोंचणी गेली नाहीं. त्याच्या आधीं किती पोरांच्या बापांना आम्हीं तसेंच सांगितलें असेल? त्यांतलीं कांहीं आज ऊसतोडीला जातात, कांहीं गवंड्याच्या हाताखालीं पाट्या उचलतात. आपण म्हणतों, त्यांचें नशीब. पण खरें पाहतां, एक जुडी सोडून दाखविणारा मास्तर त्यांना वेळेवर भेटला नाहीं. शिक्षकाच्या शिक्षणाची गोष्ट तुमच्या घरापर्यंत येते ती ही अशी.

हा विचार आजचा नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें. त्या वेळचे मास्तर बहुतेक एकाच वर्गाचे, आणि त्यांत अध्यापनाचें शिक्षण घेतलेले थोडे, हें त्यांनीं उघड सांगितलें. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतून तयार करावेत. ते लोकांत मिसळणारे असावेत. वेळ पडल्यास नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्यास लाजणारे नसावेत. त्यांच्या शिक्षणांत शेतीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान असावें. आणि पगार निदान १२ रुपये असावा, अशी त्यांची मागणी होती. पुढें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९३५ सालीं सातारा येथें शिक्षक तयार करणारें विद्यालय काढलें. नुसत्या शाळा काढून भागत नाहीं, रयतेला जाणणारा मास्तरही तयार करावा लागतो, हें दोघांनींही ओळखलें होतें.

आम्हीही अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें शिकलों. परंतु दोन वर्षांची शिदोरी सबंध नोकरीला पुरत नाहीं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. त्यांसच आपण डाएट म्हणतों. २०१९ सालीं 'निष्ठा' नांवाचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें प्रत्येक शिक्षकानें दर वर्षीं निदान ५० तास शिकावें, अशी अपेक्षा धरली. हें सगळें चांगलें आहे. परंतु तास मोजले जातात. पोरांत काय फरक पडला, तें कोण मोजतो? हल्ली पुष्कळसें प्रशिक्षण मोबाईलवर येतें. चित्रफीत चालूं ठेवून मास्तर जेवावयास बसतो आणि शेवटीं प्रमाणपत्र उतरवून घेतो, असेंही घडतें. आम्हींही एकदां तसें केलें आहे. तुमच्यापासून लपवून काय उपयोग?

मग कोणी म्हणेल, हीं उन्हाळ्यांतलीं प्रशिक्षणें बंदच करा. आम्ही तसें म्हणत नाहीं. जुलै-ऑगस्टांत एक शिक्षक प्रशिक्षणास गेला, तर दोनशिक्षकी शाळेंत पांचही वर्ग दुसऱ्यावर पडतात. आणि जेथें शिक्षकच एक, तेथें दाराला कुलूप लागतें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें पहिली ते पांचवीच्या वर्गांना वर्षाला २०० दिवस शाळा ठरवून दिली आहे. ते दिवस पोरांचे आहेत. आमच्या सुटींतले आठ-दहा दिवस आम्हीं द्यावे, हेंच बरें.

मात्र ते दिवस कारणीं लागावे. शिकविणारा असा असावा कीं, जो स्वतः पोरांत उभा राहून शिकवितो. एका खोलींत दोन-तीन वर्ग बसले असतां कसें शिकवावें, हें आम्हांस शिकवावें. कारण खेड्यांतली शाळा अशीच असते. पोराच्या घरच्या बोलीचा विचार व्हावा. पोर "म्या पानी आनलं" म्हणालें, कीं आम्ही त्याला चारचौघांत दुरुस्त करतों आणि तें पुढें महिनाभर तोंड उघडीत नाहीं. आधीं त्याचें बोलणें ऐकून घ्यावें, मग पुस्तकांतली भाषा त्याच्या शेजारीं ठेवावी, ही कला आहे आणि ती शिकावी लागते. शेवटचें म्हणजे, मेमध्यें शिकविणाऱ्यानें दिवाळीपूर्वीं आमच्या वर्गांत येऊन पाहावें. पेरून गेलेला माणूस उगवण पाहावयास आला नाहीं, असें शेत तुम्हीं कोठें पाहिलें आहे काय?

आतां तुमचें काम सांगतों. त्याच कायद्यानें शाळेस व्यवस्थापन समिति दिली आहे. तींत चारांपैकीं तीन हिस्से पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. परंतु पुष्कळ गांवीं सभा कागदावर होते आणि सही घरीं जाऊन आणली जाते. आपल्या गांवीं असें होऊं देऊं नका. जनगणना, निवडणूक व आपत्तीचें काम सोडून इतर कामाला मास्तरास जुंपूं नये, असेंही कायदा सांगतो. तसें कोठें दिसलें तर समितींत विचारा. आणि आम्हांसही विचारा. जूनच्या पहिल्या सभेंत म्हणा, "मास्तर, उन्हाळ्यांत काय शिकलांत? तें आमच्यापुढें करून दाखवा." दिवाळीच्या सभेंत म्हणा, "त्यानें कोणत्या पोराला काय येऊं लागलें?"

ज्या मायबहिणींना वाचतां येत नाहीं, त्यांनीं मागें राहूं नये. पोराच्या हातीं पुस्तक द्या आणि मोठ्यानें वाचावयास सांगा. तें अडखळतें कीं सलग वाचतें, हें कानाला कळतें. मग पुस्तक मिटा आणि गोष्टींत काय झालें तें विचारा. सांगतां आलें, तर पोरानें वाचलें. सांगतां आलें नाहीं, तर नुसतीं अक्षरें उच्चारलीं. तसें असेल तर शाळेंत या. आमच्यावर रागावूं नका, पण आम्हांस सोडूंही नका.

पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही विळे-खुरपीं लोहाराकडे पाजवावयास देतां. परत घेतांना आंगठा लावून धार पाहतां, आणि लोहार त्याचा राग मानीत नाहीं. आमचीही धार तशीच पाहा. शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारीं संध्याकाळीं आम्ही शाळेच्या ओट्यावर काड्यांच्या जुड्या आणि पुस्तकें घेऊन बसूं, आणि जें शिकून येऊं तें तुमच्या पोरांना तुमच्यादेखत शिकवूं. ज्यांना सवड होईल त्यांनीं यावें. आणि ज्या बापाला आम्हीं कधीं "याच्या डोक्यांत शिरत नाहीं" असें म्हटलें असेल, त्यानें कामाचा खोळंबा झाला तरी पोर घेऊन अवश्य यावें.