तांब्याचा हंडा आणि टाकींतील कोळंबी

तांब्याच्या हंड्यांत रात्रभर ठेवलेलें पाणी शुद्ध, अशी महाराष्ट्रांत घरोघरीं पूर्वापार समजूत आहे. आणि तांब्यामुळें पाण्यांतील पुष्कळसे रोगजंतु मरतात हें प्रयोगांनींहि सिद्ध झालें असल्यामुळें ती समजूत निराधार म्हणतां येत नाहीं. परंतु तेंच पाणी कोणी मोठ्या प्रेमानें कांचेच्या टाकींतील गोड्या पाण्याच्या चिमुकल्या कोळंब्यांवर ओतलें, तर थोड्याच काळांत त्या तळाशीं निश्चेष्ट पडण्याचा संभव असतो. पितळेच्या भांड्याची गोष्टहि तीच. कारण पितळेंत मोठा भाग तांब्याचाच असतो.

यांतील चमत्कार असा कीं, कोळंबीचें जीवन तांब्यावरच चालतें. मनुष्याच्या रक्तांत प्राणवायु वाहून नेण्याचें काम लोहयुक्त हिमोग्लोबिन करतें; कोळंबीच्या रक्तांत तेंच काम हिमोसायनिन नांवाचें ताम्रयुक्त द्रव्य करतें, व प्राणवायु मिळतांच तें निळसर होतें. तथापि तिला लागणारें तांबें अत्यल्प असतें. पाण्यांत विरघळून कल्ल्यांवाटे शिरलेलें अधिक तांबें मात्र तिला विषासारखें बाधतें. अति तेथें माती म्हणतात, तें हेंच. म्हणून कोळंबी पाळूं इच्छिणाऱ्यानें प्रथम हें ओळखावें कीं, त्यानें सांभाळावयाचें असतें तें पाणी. पाणी नीट असलें म्हणजे कोळंबी आपली आपणच सांभाळते.

टाकींत बहुधा दोन जाती आढळतात. एक लाल ‘चेरी’ कोळंबी. हिचें मूळ तैवान व पूर्व चीन या भागांत असून लांबी सुमारें अडीच ते तीन सेंटिमीटर असते. रानटी स्थितींत ती मळकट रंगाची असते. लाल रंग हें निवडक पैदाशीचें फळ आहे. दुसरी जपानकडील ‘अमानो’ कोळंबी. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या जपानी छायाचित्रकारानें शेवाळ खाण्याचा तिचा गुण ओळखून तिला पाणवनस्पतींच्या टाकींत मानाचें स्थान मिळवून दिलें. चेरीचीं पिलें गोड्या पाण्यांतच वाढतात. अमानोच्या पिलांस मात्र आरंभीं खारें पाणी लागतें.

नव्या पाळणाऱ्याचा पहिला शत्रु म्हणजे उतावीळपणा. सकाळीं टाकी आणावी, दुपारीं पाणी भरावें आणि सायंकाळीं कोळंब्या सोडाव्या, हा प्रकार गुडघ्याला बाशिंग बांधण्यापैकींच होय. मलमूत्र व उरलेलें अन्न यांपासून अमोनिया उत्पन्न होतो. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, व दुसरे कांहीं त्याचें सौम्य असें नायट्रेट करतात. हे जंतु विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० सालीं वेगळे करून दाखविले. नव्या टाकींत त्यांची वस्ती वाढण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही विषें पाण्यांत राहतात. म्हणून त्या दोहोंची परीक्षा करून तीं उरलीं नाहींत, अशी खात्री झाल्यावरच कोळंब्या आणाव्या.

दुसरा शत्रु अतिदक्षता. रोज सारें पाणी बदलणें ही स्वच्छता नव्हे. पाण्यांतील क्षार एकाएकीं बदलले म्हणजे कोळंबी अवेळीं कात टाकूं पाहते आणि त्यांतच मरते. आठवड्यांतून एकदां दहावा भाग, फार तर पांचवा भाग पाणी बदलावें, व तेंहि सावकाश. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं घालवावा. उन्हाळ्यांत आटलेलें पाणी भरून काढतांना विशेष लक्ष द्यावें. कारण वाफ होऊन जातें तें नुसतें पाणी, क्षार मागेंच राहतात. त्या जागीं विहिरीचें जड पाणी घालीत गेल्यास क्षार वाढतच जातात. तेथें क्षारविरहित पाणीच योग्य. उष्णतामान २० ते २६ अंश सेल्सिअस असावें. पाणी तापलें कीं त्यांतील प्राणवायु कमी होतो.

कात टाकलेली कोळंबी मऊ असते व कांहीं काळ लपून बसते. तिला शेवाळाचा आडोसा द्यावा. टाकलेली कात मेलेली कोळंबी समजून काढूं नये. इतर कोळंब्या ती खाऊन त्यांतील खनिजें मिळवितात. अन्न दोन तासांत संपेल इतकेंच घालावें. पालकाचें पान घालावयाचें तर त्यावर कीटकनाशक नसल्याची खात्री करून मगच घालावें. डांसांचा फवारा टाकीच्या खोलींत कधींहि मारूं नये. कीटक व कोळंबी हे दोघेहि संधिपाद असल्यामुळें जें एकास मारतें तें दुसऱ्यासहि मारतें. माशांच्या कांहीं औषधांत तांब्याचे क्षार असतात, हेंहि ध्यानांत ठेवावें.

घरांतील मुलानें हौसेनें आणलेल्या कोळंब्या मेल्या, तर वडील मंडळी ‘जातच नाजूक’ म्हणून मोकळीं होतात. त्याऐवजीं पाणी कोणत्या भांड्यांतून आलें, किती बदललें आणि खोलींत काय फवारलें, एवढें त्या मुलाकडूनच शोधवावें. निरोगी कोळंबी दिवसभर चिमुकल्या नांग्यांनीं पानें टिपीत असते; साऱ्याच पृष्ठभागाकडे धांवूं लागल्या, तर त्याच घटकेस पाण्याची परीक्षा करावी.