गुदमरणारा समुद्रतळ

समुद्र अथांग आहे, त्याच्या पोटात काहीही टाकले तरी जिरते, ही समजूत सोयीची आहे; म्हणूनच ती टिकून आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी घेतलेल्या मोजमापांनी मात्र तिला तडा दिला आहे.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलातील थंड पाणी उथळ तळावर चढते. त्यात पोषक क्षार विपुल, प्राणवायू मात्र अल्प. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसतो आणि हवेतील प्राणवायू खाली पोचत नाही. वरच्या थरात फोफावलेल्या सूक्ष्म वनस्पतींचे अवशेष तळाशी कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतात. गोवा-कारवार पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही कोंडी पराकोटीला जाते.

मग तळावर काय घडते? माशांना पळता येते. शिंपल्यांना येत नाही. टिकतात ते काही काटक, बारीक कृमी. खोल बिळे करून गाळात पाणी खेळवणारे जीव गेले, की गाळाची मशागतच थांबते. लोहाने धरून ठेवलेले स्फुरद सुटते, अमोनिया साचतो. वर पोचल्यावर तेच नव्या वाढीचे खत होते. जीवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वसन करू लागतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कर्बवायूच्या सुमारे २७० पट तापदायक. नायट्रेटही सरले, की सल्फेटची पाळी येते आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो.

हे निसर्गाचेच चक्र आहे, असे म्हणून हात झटकणारे अर्धेच सत्य सांगतात. ही कोंडी तीव्र होत असून जमिनीवरून वाहून येणारे नत्र त्यास कारण असावे, असे सय्यद वाजीह नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडले. मोसमी वारे कोणाला अडवता येत नाहीत. शेतांतून वाहणारे जादा खत आणि शहरांचे सांडपाणी अडवता येते.

पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते. म्हणजे तळ गुदमरत असतानाच हंगाम सुरू होतो. मोठा ट्रॉलर मासळीमागे दूर जाईल. रापण ओढणारा किनारा सोडून कोठे जाणार? सांडपाण्याचा खर्च नगरपालिकांनी आपल्या अंदाजपत्रकात मांडला नाही, तर तो रापणकराच्या जाळ्यातून वसूल होतो.