मांजराचा लहानसा दात

इंदुरातील मराठी घरांत मांजर म्हणजे घरचेच एक माणूस. खेळता खेळता ते हाताला चावले, तर मंडळी हसतात, जखमेवर हळद दाबतात आणि विसरून जातात. आपल्या मनीपासून कसला अपाय, ही त्यामागची समजूत.

पण मांजराचा दात सुईसारखा बारीक असतो. वरचे छिद्र लवकर मिटते. खोल गेलेले जंतू आतच राहतात आणि दिवसभरात हात सुजू शकतो. याहून मोठे भय अलर्क रोगाचे, म्हणजेच रेबीजचे. तो कुत्र्याप्रमाणे मांजरापासूनही होतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की रोगी सहसा वाचत नाही.

म्हणून जखम प्रथम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लोक ज्याला लाल अस्पताल म्हणतात, त्या हुकुमचंद पॉलिक्लिनिकात लस टोचण्याची सोय आहे. रक्त आले असल्यास लशीखेरीज जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. पोटात 14 सुया घेण्याची धास्ती आता कोणी बाळगू नये. त्या जुन्या लशीचे उत्पादन भारतात 2004 च्या अखेरीस थांबले. आताची लस दंडात देतात.

मांजरावर 10 दिवस नजर ठेवावी. ते ठणठणीत राहिले, तर पुढील सुयांचा निर्णय डॉक्टर घेतील. पहिली सुई मात्र त्या 10 दिवसांसाठी थांबवू नये.